१९६७ ते आज: मराठी मुलखातला व्यावसायिक रेडिओ 'प्रादेशिक' होता तरी कधी?

मध्यमलहर (धागा)

"खासगी एफएम आलं आणि रेडिओ गावोगावचा झाला" हे वाक्य इतकं रुळलंय की कुणी ते तपासत नाही. माझं मत उलटं आहे.

आकाशवाणीने विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि ती फक्त तीन केंद्रांवर: मुंबई, पुणे, नागपूर. दिल्ली, कलकत्ता, मद्रास मागाहून. म्हणजे आकाशवाणीचा व्यावसायिक रेडिओ पहिल्यांदा वाजला तो मराठी मुलखात.

मागची गोष्ट थोडक्यात. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ पासून तिथे बिनाका गीतमाला, निवेदक अमीन सयानी. भारतातल्या कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा कोलंबोला जाऊ लागला. उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, पण जाहिरातींविना. त्यासाठी आणखी दहा वर्षं आणि प्रसारणाचा आढावा घ्यायला सरकारने नेमलेल्या चंदा समितीचा १९६६ चा अहवाल लागला.

तेव्हाची व्यवस्था पाहा. केंद्र मध्यम लहरीवर. पुण्याच्या दुकानदाराला फक्त पुणे केंद्रापुरता दहा सेकंदांचा स्पॉट घेता येत होता. वेळेवर मर्यादा होती, त्यामुळे जाहिरातींखाली कार्यक्रम गुदमरत नव्हता. २००१ नंतर काय झालं? लहरी लिलावात गेल्या, ज्याची थैली जड त्याचं केंद्र, आणि वसुलीसाठी सगळीकडे तीच पंचवीस हिंदी गाणी. दोष लिलावाचा आहे. पटत नसेल तर आकड्यांनिशी बोला.

खडूस_श्रोता

सुरुवात मान्य, निष्कर्ष अजिबात नाही.

१९६७ ची विविध भारती प्रादेशिक? कार्यक्रम मध्यवर्ती विभागात मुद्रित व्हायचे, त्यांच्या टेपा आगाऊ केंद्रांकडे रवाना व्हायच्या. केंद्राचं काम इतकंच: वेळापत्रकाप्रमाणे स्पूल चढवायचं, ठरलेल्या खाचेत जाहिरातीची टेप सोडायची, मधे उद्घोषणा करायची. म्हणजे गाणी मध्यवर्ती, भाषा हिंदी आणि स्थानिक काय, तर साडीच्या दुकानाची जाहिरात. आज एफएमवर जो आरोप करताय तो यापेक्षा वेगळा कसा?

मराठी रेडिओ म्हणून जे आठवतं ते सगळं दुसऱ्या खिडकीत होतं. 'आपली आवड', कामगारांचे कार्यक्रम, शेतीविषयक प्रसारण, नभोनाट्यं: ही आकाशवाणीच्या प्राथमिक वाहिन्यांची, म्हणजे विविध भारतीहून वेगळ्या मुख्य केंद्रांची मिळकत. मुंबई ब, पुणे (१९५३ पासून), नागपूर (१९४८ पासून), सांगली (१९६३ पासून). या वाहिन्यांवर जाहिराती आल्या त्या १९८० च्या दशकात. तोवर जे प्रादेशिक होतं ते व्यावसायिक नव्हतं, आणि जे व्यावसायिक होतं ते प्रादेशिक नव्हतं. हे दोन कप्पे सरकारनेच पाडले, तेही कुठल्याही लिलावाच्या तीस-पस्तीस वर्षं आधी.

जमाखर्च

दोघांच्याही मांडणीत पैशाचा हिशेब नाही, म्हणून तो टाकतो.

पहिला टप्पा (१९९९-२०००): ४० शहरांत १०८ वाहिन्या लिलावाला. प्रत्यक्षात सुरू झाल्या १२ शहरांत २१. कारण परवान्याच्या रचनेतच होतं. बोलीची रक्कम एकदा भरून सुटका नव्हती. ती वार्षिक फी होती आणि दर वर्षी तिच्यात १५ टक्के चक्रवाढ. पहिल्या वर्षी १ रुपया धरला तर दहाव्या वर्षी साधारण ३.५२ रुपये, आणि दहा वर्षांची एकूण भर २० रुपयांच्या वर. उत्पन्न वाढो न वाढो, फी वाढणारच. बोली लावताना लोकांनी पहिल्या वर्षाचा आकडा पाहिला, दहाव्याचा पाहिला नाही.

दुसरा टप्पा (धोरण २००५): ९१ शहरांत ३३८ वाहिन्या. बोलीची रक्कम आता एकरकमी प्रवेश फी, आणि दर वर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहमदनगर, जळगाव, नांदेड अशा ठिकाणी खासगी केंद्रं उभी राहिली ती यामुळेच. तेव्हा "लिलावाने मारलं" हे पहिल्या टप्प्यापुरतं खरं. दुसऱ्या टप्प्यात लिलाव होताच, तरी केंद्रं निघाली.

मात्र त्या ४ टक्क्यांखाली एक खुंटी होती. "४ टक्के, किंवा राखीव प्रवेश फीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते." राखीव प्रवेश फी म्हणजे त्या शहरातल्या सर्वोच्च बोलीच्या २५ टक्के. थोडक्यात किमान वार्षिक फी ही शहरातल्या सर्वोच्च बोलीच्या अडीच टक्के. समजा, उदाहरणापुरतं, एखाद्या शहरात कुणी उत्साहाने २ कोटींची बोली लावली. तिथल्या प्रत्येक केंद्राला किमान ५ लाख भरणं आलं, मग त्याची स्वतःची बोली ६० लाखांची का असेना. ४ टक्के म्हणजे ५ लाख व्हायला उत्पन्न सव्वा कोटी लागतं. ८० लाख कमावणारा सव्वासहा टक्के भरतो. शेजाऱ्याच्या हौसेचा दंड तुमच्या वहीत.

मध्यमलहर

@खडूस_श्रोता, टेपांचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतला. पण फरक राहतोच. मध्यवर्ती टेपेवर का होईना, निवेदन, नभोनाट्य, मुलाखत, शास्त्रीय संगीत, लोकगीत सगळं होतं, कारण केंद्राला जाहिरातीवर जगायचं नव्हतं. @जमाखर्च यांनी दिलेली खुंटी माझ्याच बाजूने बोलते.

मनोरा

चर्चा कार्यक्रम आणि फी यांतच अडकली आहे. मनोरा आणि अँटेनाकडे कुणी पाहत नाही, म्हणून थोडं त्याबद्दल.

मध्यम लहर जमिनीला धरून चालते. एका केंद्रावरून दिवसा तीन-चार जिल्हे सहज मिळतात. रात्री तीच लहर आयनांबरावरून परावर्तित होते, दूरची केंद्रं मिसळतात आणि खरखर वाढते. एफएम साधारण नजरेच्या रेषेत जातं. अंतराचा अंदाज: दोन्ही उंचींची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, बेरजेला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. अँटेना १०० मीटरवर आणि ऐकणारा हातात मोबाइल घेऊन (दीड मीटर) असेल तर साधारण ४६ किमी. अँटेना ४० मीटरवर असेल तर ३१. वॅट दुप्पट केल्याने ही रेषा लांबत नाही, रेषेच्या आतलं ऐकू येणं सुधारतं. मधे डोंगर आला तर गणितच संपलं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शहरांत घाट ओलांडला की केंद्र गडप होतं ते याचमुळे.

धोरणाने शहरांची वर्गवारी लोकसंख्येवर केली. २० लाखांच्या वर ए, १० ते २० लाख बी, ३ ते १० लाख सी, १ ते ३ लाख डी, आणि महानगरं ए-प्लस. वर्गानुसार प्रभावी शक्तीची (अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीची) मर्यादा: ए-प्लसला २५ ते ५० किलोवॅट, डीला १ ते ३. म्हणजे एफएमची रचनाच शहराची आहे, जिल्ह्याची नाही. मध्यम लहरीच्या केंद्राला 'प्रदेश' आपसूक मिळत होता. एफएमला 'प्रदेश' व्हायचं तर चार शहरांत चार परवाने, चार ट्रान्समीटर, चार भाडी.

प्रभावी शक्ती म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती नव्हे, हेही सांगून ठेवतो. ५ किलोवॅटचा ट्रान्समीटर, कंबायनर (अनेक केंद्रांचे सिग्नल एका अँटेनासाठी एकत्र करणारं यंत्र) आणि अँटेनापर्यंतच्या फीडर केबलमध्ये २ डेसिबल गळती, अँटेनाचा लाभ ५ डेसिबल. निव्वळ ३ डेसिबल वाढ, म्हणजे जवळपास दुप्पट: बाहेर पडताना साधारण १० किलोवॅट.

दुसऱ्या टप्प्यापासून एका शहरातल्या खासगी केंद्रांना एकाच मनोऱ्यावर, एकाच कंबायनरमधून, सामाईक अँटेनावर यावं लागतं. मनोरा बहुतेक ठिकाणी प्रसार भारतीचा, उभारणी बेसिल या सरकारी प्रसारण-अभियांत्रिकी कंपनीकडे. कल्पना चांगली, खर्च वाटून जातो. पण चार केंद्रांसाठी आखलेल्या सोयीत दोनच आली तर वाटा दुप्पट. शिवाय सामाईक अँटेनाच्या जोडात पावसाळ्यात पाणी शिरलं की अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी शक्ती वाढते (तिचं माप असलेलं स्टँडिंग वेव्हचं प्रमाण १.१-१.२ असायला हवं, ते दीडच्या वर जातं), आणि प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप उतरवतो. सगळी केंद्रं एकदम मंदावतात. दुरुस्तीला मनोऱ्यावर माणूस चढवायचा तर सगळ्यांना बंद करावं लागतं, म्हणून ते काम मध्यरात्रीनंतर. फीडरमध्ये कोरडी हवा दाबाखाली ठेवणारं यंत्र छोट्या शहरात दुर्लक्षित राहतं, आणि जुलैमध्ये त्याची किंमत कळते.

खडूस_श्रोता

@मनोरा, प्रतिसाद आवडला, पण यातून मध्यमलहर यांचं म्हणणं सिद्ध होत नाही. शहरापुरता रेडिओ हा तर अधिक स्थानिक असायला हवा! ३१ किलोमीटरच्या वर्तुळात बोलायचं आहे. त्या वर्तुळातल्या पाण्याच्या पाळीबद्दल बोला, बाजार समितीबद्दल बोला. कुणी अडवलंय?

वऱ्हाडी_कान

अडवलंय की! सरकारने.

सगळा धागा वाचला, कुणी बातम्यांचं नावच घेतलं नाही. दुसऱ्या टप्प्यापर्यंत खासगी एफएमला बातम्या आणि चालू घडामोडी पूर्ण बंद. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात (जुलै २०११) सवलत मिळाली ती अशी: आकाशवाणीचं बातमीपत्र काना-मात्रा न बदलता लावा. सोबत 'बातमी नव्हे' म्हणून मोकळ्या केलेल्या गोष्टींची यादी. वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, रोजगाराच्या संधी, पाणी-वीजपुरवठ्यासारख्या नागरी सूचना, नैसर्गिक आपत्ती.

आता @खडूस_श्रोता यांचंच उदाहरण घ्या. "उद्या अमुक भागात पाणी येणार नाही" हे सांगता येतं. "का येणार नाही, टाकीचं काम कुणामुळे रखडलं" हे विचारलं की चालू घडामोडी. बाजार समितीचा भाव सांगताना फारसं कुणी हरकत घेणार नाही, समितीच्या निवडणुकीबद्दल तोंड उघडलं तर परवान्याच्या अटीचा भंग. गावात लोक ज्यावर बोलतात त्यातलं निम्मं या रेषेपलीकडे आहे. मग निवेदकाने करायचं काय? सासू-सुनेचे विनोद, फोनवरून गंमत, आणि गाणं.

आणखी एक विसंगती. खासगी रेडिओतली मोठी नावं वृत्तपत्रसमूहांची आहेत. मिर्ची टाइम्सची, माय एफएम भास्करचं, रेडिओ सिटी जागरण समूहाकडे. कोल्हापूरचं टोमॅटो एफएम ९४.३ 'पुढारी'चं. ज्याच्याकडे तालुक्यातालुक्यात बातमीदार आहेत त्याच घराला रेडिओवर स्वतःची बातमी वाचता येत नाही. सकाळी अंकात छापलेली ओळ दुपारी माइकवर बोलायला मनाई. त्यामुळे लिलाव, वॅट, टेपा हे सगळं दुय्यम. प्रादेशिक केंद्राचा जीव स्थानिक बातमीत असतो आणि तोच कायद्याने काढून घेतला. बरं, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हणून ठेवलंय. त्यानंतरही ही स्थिती!

जमाखर्च

+१, फक्त 'सगळं दुय्यम' याला नाही. बातमीला माणसं लागतात. उद्या बंदी उठली तर सी-डी वर्गातलं केंद्र दोन बातमीदार पोसेल का? वृत्तपत्राचं असेल तर हो, एकटं असेल तर कठीण.

उत्पन्नाची बाजू पाहा. श्रोतेमापनाची 'रॅम' ही डायरी पद्धत २००७ च्या सुमारास सुरू झाली आणि ती राहिली मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता या चारच शहरांत. महाराष्ट्रातलं मुंबई सोडून सगळं मापनाबाहेर. मग मोठा जाहिरातदार सोलापूर किंवा अकोला वेगळं विकत घेत नाही. मुंबई-पुण्याच्या सौद्यात ते 'बोनस स्पॉट' म्हणून बांधून देतात. केंद्राच्या तासात १२ ते १५ मिनिटं जाहिराती वाजतात, पण त्यातल्या बऱ्याच मिनिटांना जवळजवळ शून्य दर. खरा पैसा स्थानिक सराफ, कपड्यांची दुकानं, क्लासेस, वाहनविक्रेते यांचा, आणि तो पाडवा, अक्षय तृतीया, गणपती, दसरा-दिवाळी यांभोवती गोळा होतो. मधले महिने उधारीवर. स्थानिक जाहिरातदार चाळीस-पन्नास जण, प्रत्येकाकडे वसुलीला माणूस पाठवायचा. मुख्य कार्यालयाला हे झेपत नाही, म्हणून ते कार्यक्रम एकाच जागी बनवून सगळीकडे वाजवतात. दुसऱ्या टप्प्यात असं जोडप्रसारण फक्त त्याच विभागातल्या सी-डी शहरांना मोकळं होतं, तिसऱ्या टप्प्यात कंपनीच्या देशभरच्या सगळ्या केंद्रांना. तुमची स्पूलं परत आली, @मध्यमलहर, फक्त आता उपग्रह आणि इंटरनेटवरून.

ध्वनिफीत

गाण्यांचा खर्च राहिला. २०१० पूर्वी स्वामित्वधन 'नीडल-अवर'वर होतं. तासात ४० मिनिटं गाणं वाजलं तर ४० मिनिटांचा दर, केंद्राचं उत्पन्न कितीही असो. कमी कमावणाऱ्याला हे सगळ्यात जड. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले आणि छोटी केंद्रं सावरली. पुढे बौद्धिक संपदा अपील मंडळाच्या ३१ डिसेंबर २०२० च्या आदेशाने पुन्हा ताशी दराची पद्धत आली.

@मध्यमलहर यांच्या 'पंचवीस हिंदी गाण्यां'बद्दल. यात दुष्टावा कमी, वेळापत्रक जास्त. तासाला दहा गाणी धरली तर दिवसाला २४० जागा. सर्वात चालतं गाणं दर तीन तासांनी यावं असं सॉफ्टवेअरमध्ये बसवतात, कारण श्रोता सरासरी अर्धा-पाऊण तासच टिकतो असं गृहीत आहे. त्या वर्गात आठवड्याला दोन-तीन तरी नवी गाणी लागतात. मराठीत काही आठवडे ती मिळतात, काही आठवडे मिळत नाहीत, मग जुनी भरतात आणि "मराठी म्हणजे जुनी गाणी" असा शिक्का बसतो. उपाय आहे. मराठीसाठी फिरण्याचा वेग निम्मा ठेवायचा आणि चारशे-पाचशेच्या संग्रहात लावणी, भावगीत, कोळीगीत, सिनेमा यांना वेगळे वर्ग द्यायचे. भावगीताला लागून ढोलाचं गाणं आलं की श्रोता केंद्र बदलतो. मधे निवेदनाचा २०-३० सेकंदांचा पूल ठेवावा लागतो. हे एकाच जागेवरून सगळीकडे वाजवणाऱ्या यंत्रणेत होत नाही, तिथल्या माणसाने करावं लागतं.

मध्यमलहर

म्हणजे फिरून तिथेच. एका जागेवरून वाजवणं का? खर्च परवडत नाही म्हणून. खर्च का? प्रवेश फी. तिसऱ्या टप्प्यात तर जुन्या शहरांची राखीव किंमत (बोलीची किमान रक्कम) म्हणून दुसऱ्या टप्प्यातली सर्वोच्च बोलीच धरली. निकाल समोर आहे. २०१५ च्या फेरीत १३५ पैकी ९७ वाहिन्या गेल्या, २०१६ च्या फेरीत २६६ पैकी ६६. दोनशे लहरी पडून राहिल्या आणि कुणालाच उपयोगी पडल्या नाहीत. लिलावाऐवजी छाननी करून, स्थानिक कार्यक्रमाच्या आराखड्यावर परवाना का नाही?

खडूस_श्रोता

छाननी कोण करणार? तेच मंत्रालय, ज्याने बातमीला कुलूप घातलं. तुमचा आराखडा चौकशीला बसवतील आणि 'योग्य' माणसाला परवाना देतील. लिलाव निदान उघड असतो.

आणि फी नसली की रेडिओ जगतो असंही नाही. मुंबईतलं पहिलं नियमित केंद्र खासगी कंपनीचंच होतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, २३ जुलै १९२७, ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. लिलाव नाही, प्रतिस्पर्धी नाही. उत्पन्न म्हणजे श्रोत्याच्या १० रुपयांच्या वार्षिक परवान्यातला ८० टक्के वाटा आणि आयात रेडिओसंचांवरची दहा टक्के आकारणी. १९२९ अखेर देशभरात परवाने आठ हजारांच्या आत. गुणा ८ रुपये, वर्षाला जेमतेम ६२-६४ हजार, आणि चालवायची केंद्रं दोन, मुंबई व कलकत्ता. १ मार्च १९३० ला कंपनी मोडीत.

मनोरा

लहरी पडून राहण्याबद्दल एक तांत्रिक टिप्पणी. एका शहरातल्या दोन वाहिन्यांत ८०० किलोहर्ट्झ अंतर ठेवलं जातं. मुंबईची यादी पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. ट्राय या दूरसंचार नियामकाने ४०० किलोहर्ट्झ चालेल असं सुचवलं होतं. मुंबईसारख्या ठिकाणी त्याने जागा वाढतील, पण लातूर-यवतमाळला अडचण जागेची नाहीच, गिऱ्हाइकाची आहे. तिथे ८०० काय आणि ४०० काय.

वऱ्हाडी_कान

लातूर-यवतमाळचा विषय निघालाच आहे तर: ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत एकूण ७८४.८७ कोटी. वार्षिक फी जीएसटी वगळून ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. महाराष्ट्राच्या यादीत चंद्रपूर, लातूर, यवतमाळ, वर्धा, मालेगाव ही नावं आहेत. घोषणेत मातृभाषेतला स्थानिक आशय असे शब्द आहेत. बातमीबद्दल शब्द नाही.

जमाखर्च

सरासरी काढा. ७८४.८७ भागिले ७३०, वाहिनीला साधारण १ कोटी ७ लाख. सरासरी फसवी असते, डी वर्गात आकडा याहून कमी पडेल. तरी त्यावर मनोऱ्याचा वाटा, ट्रान्समीटर, स्टुडिओ-ट्रान्समीटर जोडणी, जनरेटर, दहा-बारा माणसं. यवतमाळात बोली लावणाऱ्याने आधी दुकानांची यादी करावी, मग लहरींची. वर्षाला दोन लाखांवर खर्च करू शकणारे स्थानिक जाहिरातदार चाळीस निघाले तर ८० लाख झाले. त्याखाली असेल तर शेजारच्या तीन शहरांसह एकत्र विक्री केल्याशिवाय पडू नये.

खडूस_श्रोता

आणि वर्ध्याचा कार्यक्रम नागपुरात बनणार. मग पुन्हा धागा काढा, @मध्यमलहर.

मध्यमलहर

काढीन. पण नागपुरात बनला तरी तो मुंबईपेक्षा शेकडो मैल जवळ असेल, तेवढं तरी मान्य करा.

वऱ्हाडी_कान

मान्य. बातमी मात्र तिथेही वाचता येणार नाही.